माझ्या भावाला गडावरून खाली आणणाऱ्या बचाव पथकास

सप्रेम नमस्कार.

गडाच्या नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद, उभ्या घळीतून उतरताना माझा धाकटा भाऊ घसरून खालच्या कातळावर आदळला, त्याच्या मांडीचे हाड मोडले, आणि त्या पावसाळी रात्री आपण सर्वांनी त्याला स्ट्रेचरवरून पायथ्याच्या गावापर्यंत सुखरूप आणले. आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला अजूनही उमगलेले नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्यापर्यंत निरोप पोहोचण्याआधी आम्ही मदतीसाठी जिथे जिथे फोन केले, तिथे ती जागा कोणाच्या हद्दीत येते याचीच चौकशी झाली. एका ठिकाणी तर "उजाडल्यावर बघू" असे सांगून फोन ठेवून देण्यात आला. आपण मात्र एवढेच विचारले, की तो शुद्धीवर आहे का, रक्त वाहते आहे का आणि त्याच्याजवळ कोण आहे.

देवळाच्या पडवीत बसलेली आमची आई कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हती आणि पाण्याचा घोटही घेत नव्हती. आपल्यापैकी सामानाजवळ थांबलेल्या एका गृहस्थांनी ते पाहिले, वरच्या सहकाऱ्यांना सांगून वॉकीटॉकी भावाच्या तोंडाशी धरायला लावली आणि स्वतःजवळची आईच्या हातात दिली. "आई, पाय फार दुखतोय गं, पण मी बरा आहे," हे त्याच्याच आवाजात ऐकल्यावर ती हमसून रडली आणि मग पाणी प्यायली. पुढे स्ट्रेचर खाली येईपर्यंत ते थोड्या थोड्या वेळाने तिच्याजवळ येऊन भाऊ कुठवर आला ते सांगत राहिले. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि केले नसते तरी कोणी बोल लावला नसता.

सह्याद्रीतील अशा पथकांची वाटचाल मी नंतर वाचली. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून खाली उतरलेल्यांत महाबळेश्वरचे ट्रेकर होते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि गाडीरस्ता नसल्याने मोठी यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, तेव्हाही चिखलाची वाट पायी चढून गेलेल्यांत गिर्यारोहक स्वयंसेवक होते. कोणी जिवंत सापडण्याची आशा मावळल्यावरही, घरच्यांना आपले माणूस अखेरचे पाहता यावे म्हणून ही माणसे नोकरीधंदा बाजूला ठेवून दरीत उतरतात. त्या कष्टांत आणि आईच्या हाती दिलेल्या वॉकीटॉकीत मला एकच माणुसकी दिसते, कारण दोन्हीकडे वाट पाहणाऱ्या घरच्यांचाही विचार आहे.

भाऊ आता कुबड्या सोडून काठीच्या आधाराने चालतो. आम्ही देऊ केलेले पैसे आपण घेतले नाहीत. निदान एक नवा दोर घेऊन देण्याची परवानगी द्यावी आणि तो कोणता हवा हे कळवावे. सामानाजवळ थांबलेल्या त्या गृहस्थांना आईने जेवायला बोलावले आहे, आणि त्यांच्याबरोबर संपूर्ण पथकाने यावे अशी तिची इच्छा आहे.

आपला ऋणी,
एका जखमी ट्रेकरचा थोरला भाऊ