कोकण रेल्वेचे परत येणारे पैसे कोकणातच खर्च व्हावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्र शासनाने मे 2025 मध्ये संमती दिली. ही संमती देताना राज्याने दोन अटी घातल्या. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे ही पहिली, आणि राज्याने गुंतवलेले सुमारे 396 कोटी रुपये केंद्राने परत करावेत ही दुसरी. नावाबद्दल कोणाचेच दुमत नसावे. दुसऱ्या अटीची मात्र जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झालेली नाही.

एवढ्या खर्चिक मार्गासाठी रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसा मिळणे शक्य दिसत नव्हते, म्हणून जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना, 1990 साली, स्वतंत्र महामंडळाची वाट काढण्यात आली. त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के ठरला. उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला. सह्याद्रीचे कडे, नद्या, खाड्या आणि कोसळणारी माती यांतून वाट काढत 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग पूर्ण खुला झाला, यामागे जशी अभियंत्यांची जिद्द होती तशीच फारशी खळखळ न करता जमिनी देणाऱ्या शेतकऱ्यांचीही साथ होती.

ज्या व्यवस्थेमुळे मार्ग झाला, त्याच व्यवस्थेने पुढे त्याची वाढ रोखली. महामंडळाला कर्ज स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे होते. त्यासाठी प्रवासी भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतराच्या 40 टक्के अधिक अंतर धरले गेले. म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी गेली अनेक वर्षे हा मार्ग बांधल्याची किंमत तिकिटातून भरत आला आहे. तरीही रोहा ते ठोकूर या सुमारे 741 किलोमीटरपैकी दुपदरीकरण झाले ते फक्त रोहा ते वीर, सुमारे 46 किलोमीटर. एकेरी मार्गावर एक गाडी क्रॉसिंगला थांबली की मागच्या गाड्यांचे वेळापत्रक कोलमडते. पावसाळ्यात दरड आली तर दुसरी वाटच नसते. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दरड कोसळली तेव्हा हे पुन्हा दिसले.

त्यामुळे विलीनीकरणाला माझा विरोध नाही. पण भागीदारी सोडताना संचालक मंडळातील राज्याचा आवाजही जाणार आहे, आणि त्या बदल्यात केवळ एक रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होणार असेल, तर कोकणाच्या पदरात काय पडले? माझी मागणी अशी आहे की, हे 396 कोटी रुपये राज्याच्या सर्वसाधारण खर्चात न मिसळता दुपदरीकरणातील राज्याचा वाटा म्हणून केंद्राकडेच राहू द्यावेत आणि त्या बदल्यात वीरच्या पुढील टप्प्यांचे वेळापत्रक लेखी घ्यावे. दुपदरीकरणाच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु वाटा उचलणाऱ्या राज्याला कामाचा हिशेब मागता येतो, पैसे घेऊन बाजूला झालेल्याला तो मागणे अवघड जाते.

राज्याने रेल्वेच्या खर्चात वाटा उचलणे नवे नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्य उचलते. मात्र 1995 साली मंजूर झालेल्या त्या मार्गावर बीडपर्यंत गाडी पोहोचायला सप्टेंबर 2025 उजाडला, हे विसरता येणार नाही. दरवर्षीची तरतूद ठरलेली नसेल तर सरकारे बदलतात आणि मार्ग अर्ध्यावर थांबतो. कोकणाच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून ही तरतूद करारातच हवी. वाढीव अंतराची आकारणी कोणत्या तारखेपासून बंद होणार, तेही त्याच करारात नमूद व्हावे. शिवाय विलीन झाल्यावर या मार्गाचे तुकडे करून ते शेजारच्या विभागांना वाटले जाणार नाहीत, याचीही हमी हवी, कारण तसे झाले तर पूर्ण मार्गाची जबाबदारी कोणा एकावर राहणार नाही.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात विलीनीकरणाच्या कराराचा मसुदा विधिमंडळासमोर ठेवण्याची मागणी करावी, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण (जि. रत्नागिरी)