टाचेच्या आकड्यावर विसंबू नये

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील हाडांच्या ठिसूळपणावरच्या लेखात लवकर तपासणीचा आग्रह धरला आहे, तो योग्यच. मात्र कोणती तपासणी, हे राहून गेले. शिबिरात टाच यंत्रात ठेवून मिळते ती अल्ट्रासाउंडची चिठ्ठी. त्यावरही 'टी-स्कोअर' (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा) छापलेला असतो, पण जागतिक आरोग्य संघटनेचा उणे २.५ चा निकष त्याला लागू होत नाही. तेवढ्यावरून औषध सुरू करणे चूक, आणि 'नॉर्मल' वाचून निर्धास्त होणे त्याहून वाईट.

निदानासाठी कंबरेचे मणके आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, हवा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. त्यावर, पण उणे १ च्या खाली असेल तर घनता कमी. हा हिशेब रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांचा. त्याआधीच्या वयात झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांशी केलेली तुलना, पाहतात.

डेक्साही फसवतो. उतारवयात मणक्यांना काटे वाढतात, महाधमनीत कॅल्शियम साठते, एखादा मणका दबलेला असतो. यंत्र हे सगळे हाडाच्याच खात्यात जमा करते आणि कंबरेचा आकडा उगाच चांगला दिसतो. एक मणका शेजारच्यापेक्षा १ टी-स्कोअरहून जास्त वेगळा निघाला तर तो वगळावा. मात्र निदान किमान दोन मणक्यांवर व्हावे. खुब्याच्या वेळी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधलेले नसेल, तर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि तिथली घनता फुगते. म्हणून नुसता आकडा नको, चित्रासह अहवाल मागावा.

तपासणीआधी २४ तास कॅल्शियमची गोळी घेऊ नये. न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसू शकते. बेरियमची (पांढरे द्रव्य देऊन काढलेल्या पोटाच्या क्ष-किरण चित्रांची) तपासणी नुकतीच झाली असेल तर तारीख पुढे ढकलावी. उपाशी राहायची गरज नाही. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी आणि तुलना टी-स्कोअरची नव्हे, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमधल्या घनतेची करावी. यंत्राच्या मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीएवढाच फरक ही सुधारणा नव्हे.

पासष्टीपुढच्या स्त्रियांनी तपासणी करावीच. लवकर पाळी थांबलेल्या, वजन फार कमी असलेल्या किंवा तीन महिन्यांहून अधिक स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तेवढी वाट पाहू नये. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

– एक क्ष-किरण तंत्रज्ञ