सही करायच्या आधी

सातारा
12 फेब्रुवारी 2026

प्रिय शैला,

तुझं पाकीट परवा मिळालं आणि तुझ्या पुराच्या आठवणींच्या वहीची झेरॉक्स एका रात्रीत वाचून काढली. सांगलीच्या 2019च्या पुरात तुम्ही सगळे शेजारच्यांच्या गच्चीवर कसे राहिलात, हे तू मला फोनवर दहादा सांगितलंयस. पण सासूबाई त्या गच्चीवर बसून रोज सकाळी पाण्यालाच हळदकुंकू वाहायच्या, हे कधी बोलली नव्हतीस. छाप बाई. पण मागे टाचणी लावून जोडलेल्या त्या पुस्तक काढणाऱ्या कंपनीच्या करारनाम्यावर सही करू नकोस. निदान माझं रामायण ऐकेपर्यंत तरी नको.

तुला माहीतच आहे, जावळीतल्या बामणोलीकडच्या शाळांवरचं माझं पुस्तक असंच एका पॅकेजवाल्या, म्हणजे लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीकडून निघालं. फोनवर गोड बोलणारा मुलगा, 'मॅडम, तुम्ही फक्त लिहा, बाकी सगळं आमच्याकडे.' सगळं त्यांच्याकडे, हे मात्र शब्दशः खरं निघालं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखीचा नंबर, त्यांच्या नावाचा. पानं लावलेली मूळ फाइल त्यांच्याकडे. अमेझॉनवर विक्रेता तेच, त्यामुळे किती प्रती गेल्या ते तेच सांगणार, तेही विचारलं तर. वर्षानं मी म्हटलं, दुसरी आवृत्ती साताऱ्यात छापते, फाइल द्या. उत्तर आलं, 'ओपन फाइल पॅकेजमध्ये येत नाही.' पीडीएफ दिली, ती पण त्यांचा लोगो ठोकलेली. मग काय, पुन्हा टायपिंग, पुन्हा प्रूफं, पुन्हा पैसे.

आयएसबीएन फुकट मिळतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! दिल्लीला शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे. तिच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. मला तीन आठवडे लागले, एक पैसा पडला नाही. आणि आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा सातबारा, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. तो नंबर फक्त पुस्तक कुठलं आणि प्रकाशक कोण ते सांगतो. मालकी वेगळी. 1957च्या कॉपीराइट कायद्यानं तू लिहिलंस तेव्हाच हक्क तुझा झाला, तुझ्यामागेही 60 वर्षं राहील. म्हणून करारात 'सर्व हक्क' असे दोन शब्द दिसले की तिथं बोट ठेवून विचार, कुठले, किती वर्षांसाठी, आणि मला बाहेर पडायचं असेल तर कसं? माझ्या करारात हे पान सातवर बारीक अक्षरात होतं. मी पान दोनवरच पेन काढलं होतं.

आता किंडलचं, म्हणजे अमेझॉनवरच्या ई-पुस्तकाचं. मी स्वतः चढवलं, कुणाला हात लावू दिला नाही. त्यात 'टॅक्स इंटरव्ह्यू' म्हणून एक प्रकार येतो. मी चष्मा पुसून, केस नीट करून कॅमेऱ्यासमोर बसले. अगं, तो नुसता फॉर्म असतो! ह्यांना अजून हसू आवरत नाही.

खरी मजा फॉन्टनं केली. जुनी फाइल श्रीलिपी या जुन्या फॉन्टातली, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत उतरवली आणि 'ऱ्य'चा 'र्य' झाला. माझ्या पुस्तकात पानोपानी दऱ्या. त्या सगळ्या दर्या झाल्या. 'पोरं दर्या चढून शाळेला यायची.' जावळीच्या पोरांना समुद्र चढायला लावला मी! बरं, बामणोलीला लाँचनं जायचं असल्यामुळे वाचणाऱ्याला ते खपूनही गेलं असतं. एकेक शब्द शोधून 143 ठिकाणी दुरुस्त्या केल्या. तुझ्या वहीत 'पायऱ्या' आहे, 'किनाऱ्यावर' आहे, 'वाऱ्यानं' तर सतरा वेळा. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करून घे. आणि चढवण्याआधी फोनवर एकदा अख्खं वाच.

पैशाचं सांगते. किंडलवर दोन दर आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 हवे असतील तर 'केडीपी सिलेक्ट' नावाच्या त्यांच्या योजनेत जावं लागतं, आणि तिथं गेलं की 90 दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. छापील चालतं. मी ते नीट वाचलंच नाही, माझी सात प्रकरणं दुसऱ्या एका ॲपवर आधीच पडली होती. ताकिदीची ईमेल आली. रात्री अकरा वाजता उठून एकेक प्रकरण खाली उतरवलं. शिवाय 70च्या दरात फाइलच्या वजनाचे पैसे कापतात, दर एमबीला 7 रुपये. मी फोटो हौसेनं मोठेच्या मोठे घातले होते, फाइल सहा एमबीची. 149 किमतीवर हातात जेमतेम 75 येत होते. फोटो बारीक करून एक एमबीवर आणली तर 99 झाले. तुझ्याकडे पुराचे फोटो पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

छापील पुस्तकात हिशेब उलटा बसतो. आठ फॉर्मचं, म्हणजे 128 पानांचं पुस्तक. 300 प्रती काढल्या, प्रत 110 रुपयांना पडली, किंमत 220. वितरकानं 45 टक्के मागितले. म्हणजे 121 मला, त्यातले 110 छपाईचे गेले. राहिले 11, त्यातून पार्सल. बुक पोस्टची स्वस्त सोयही 2024च्या डिसेंबरात बंद झाली. आणि न खपलेल्या प्रती परत येतात त्या कोपरे मुडपून. मी दुसऱ्या खेपेला वितरकाला नाही म्हटलं. पुण्यामुंबईच्या दुकानांत मी नाही, हे सोसायला शिकले.

जानेवारीत आपल्याकडे साहित्य संमेलन झालं ना, 1 ते 4, शाहू स्टेडियमवर. मी एका मैत्रिणीच्या स्टॉलवर अर्धं टेबल मागून बसले. चार दिवसांत 61 प्रती गेल्या. लोक पुस्तक उचलतात, मधलंच पान उघडतात, दोन ओळी वाचतात आणि तोंडाकडे बघतात, 'तुम्हीच का?' एक बाई 'आमचे सासरे त्याच शाळेत होते' म्हणत तिथंच रडल्या. त्यांनी तीन नेल्या. संध्याकाळी पैसे मोजताना मला त्या 11 रुपयांची आठवण झाली.

तू सांगलीत 100च प्रती छाप, डिजिटल छपाईवर. प्रत महाग पडेल, पडू दे. घरात पाणी आलं तर हजार प्रती कुठल्या गच्चीवर नेशील? हो, आणि कायद्यानं पुस्तक निघाल्यावर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, ते विसरू नकोस. माझं पुस्तक कोलकात्यात आहे, आमच्या आळीत कुणाकडे नाही.

शिवरात्र झाली की ये दोन दिवस. वही मूळची आण, झेरॉक्समध्ये पाण्याच्या डागांखालच्या ओळी उठल्याच नाहीत. आणि येताना भडंग. मी पेढे आणून ठेवते.

तुझी,
मंदा

ता. क. पलंगाखाली सकाळपर्यंत माझ्या पुस्तकाच्या 112 प्रती होत्या, आता 111. दूधवाल्यांची सून घेऊन गेली. पैसे महिन्याच्या दुधात वळते करायचे ठरलेत.