मशीन आली म्हणतोस, आता हात सांभाळ

प्रिय पक्या,

फोटो बघितला. झकास आहे रे सीएनसी राउटर, कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कापणारी मशीन, चार बाय आठ फुटांचा बेड, साडेचार किलोवॅटचा वॉटर कूल्ड स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, आणि तो बेडवरून सरकवणाऱ्या त्या गॅन्ट्रीवर वहिनींनी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. फोनवर तू मला फक्त कोणते कटर घेऊ, कुठल्या डिझाइन फाइल घेऊ एवढंच विचारलंस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, फोनवर तू ऐकून घेत नाहीस हे आयटीआयपासून माहितीये मला.

आधी माझ्या बोटाचं सांगतो. वहिनींना मी पत्रा लागला म्हणून सांगितलेलं, खरं तसं नाही. गणपतीच्या आधीचा आठवडा, तुला माहितीये कसा असतो, मखरांच्या ऑर्डरी, रात्रीचे अकरा वाजलेले, आठ एमएमच्या एमडीएफमध्ये, त्या लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डात, जाळी चाललेली. एक छोटा तुकडा सुटून कटरजवळ उभा राहिला. मी स्टॉप दाबलं आणि लगेच हात घातला. बस, एवढंच. स्टॉप दाबलेलं, गॅन्ट्री थांबलेली, म्हणजे मशीन थांबली असं डोक्याने धरलं, पण स्पिंडल अजून फिरत होता. आणि डस्ट कलेक्टरचा आवाज एवढा असतो की स्पिंडलचा ऐकू येत नाही, आणि एवढ्या स्पीडला बारीक कटर फिरतोय हे दिसतही नाही रे, नुसता चकाकतो, उभा असल्यासारखा. पाच टाके. पोरगा बाजूला होता, त्याने आधी मला धरलं आणि मग मी बेशुद्ध पडायच्या ऐवजी त्याला ओरडत होतो की एमडीएफवर रक्त सांडू देऊ नको, ऑर्डरचा आहे. असली अक्कल.

म्हणून तुझं पहिलं काम हे की रिकामा स्पिंडल १८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरव, मोबाईलवर स्टॉपवॉच लाव, स्टॉप दाब आणि पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते मोज. मग इमर्जन्सी बटण दाबून परत मोज, कारण काही मशीनमध्ये इमर्जन्सीला व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा स्पीड सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा, करंटच कापतात आणि मग स्पिंडलला ब्रेक लागत नाही, तो आपल्या गतीने गरगरत थांबतो, म्हणजे ज्याला आपण जास्त सेफ समजतो त्यालाच जास्त वेळ. जो आकडा येईल तो पॅनेलवर मार्करने मोठा लिही. माझ्याकडे १४ लिहिलंय, पोरगा हसायचा आधी, आता मोजतो.

हातात ग्लोव्ह्ज घालून मशीन चालवायची नाही, हे उलटं वाटेल पण कापड अडकलं की अख्खा हात ओढला जातो. शीट उचलताना घाल, मग काढून ठेव. आणि तुझ्या मनगटातला तो नवसाचा दोरा, चिडू नकोस, पण मशीनवर असताना खिशात ठेव, देव खिशातही असतो.

दुसरं म्हणजे फीड, कटर लाकडातून पुढे सरकायचा वेग. नवीन माणूस घाबरून मशीन हळू चालवतो, आणि इथेच घोळ होतो. सहा एमएमचा दोन धारेचा कटर, १८००० आरपीएम, प्लायमध्ये ५००० एमएम पर मिनिट फीड धरलास तर प्रत्येक धार साधारण ०.१४ एमएमचा काप घेते. तेच तू भीतीने १००० वर आणलंस की काप ०.०३ पण राहत नाही, कटर कापायच्या ऐवजी घासतो, तापतो, लाकूड काळं पडतं. भुसा हातात घेऊन बघ, छिलका लागला तर ठीक, पिठासारखा लागला आणि वर करपल्याचा वास आला तर फीड वाढव नाहीतर आरपीएम कमी कर. कारण त्या घासण्यातून एखादी ठिणगीसारखी गरम चिप पाईपमधून डस्ट कलेक्टरच्या पिशवीत जाते, आणि ती तिथे गपचूप धुमसते, तुम्ही शटर ओढून घरी गेलात तरी. संध्याकाळी पिशवी रिकामी करून भुसा बाहेर ठेवायचा, रोज. आणि एमडीएफला साधा रुमाल चालत नाही बरं का, एन ९५ मास्क घे, एमडीएफच्या भुशात नुसतं लाकूड नाही, फॉर्मल्डिहाइडचा रेझिन पण असतो.

कॉलेटबद्दल, म्हणजे कटर पकडणाऱ्या चिमट्याबद्दल, थोडक्यात. कॉलेट आधी नटमध्ये टक् करून बसवायचा, मग कटर, मग स्पिंडलला. लोक उलटं करतात आणि मग कटर वाकडा फिरतो. दोन पान्हे वापर, आतला भुसा प्रत्येक वेळी ब्रशने काढ. कटर बदलला की झेड झीरो, म्हणजे कटरच्या टोकाच्या उंचीचा शून्य, परत घ्यायचा, नाहीतर कटर शीटमधून थेट बेडमध्ये घुसतो, माझ्या बेडवर अशी एक खूण आहे, ये कधी, दाखवतो.

आता तुमच्या चिपळूणचं. हवेतच पाणी आहे तिकडे, त्यामुळे गॅन्ट्री ज्यावर सरकते त्या रेल आणि रॅकवर गंज लवकर धरतो. भुसा काढून, पुसून मगच ग्रीस मार, भुशावर ग्रीस मारलंस तर त्याची पॉलिश पेस्ट होते आणि बेअरिंग खाते. हवा मारून साफ करायचा मोह होतो पण एअरगन बेअरिंग ब्लॉकच्या तोंडावर धरू नको, भुसा आत जातो. स्पिंडल गार ठेवणाऱ्या टाकीत विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्ड घाल, आणि सुरू करायच्या आधी रिटर्नच्या नळीतून धार पडतेय का ते डोळ्याने बघ. आणि पॅनेल जमिनीपासून होईल तेवढं उंच बसव, २०२१ चा जुलै तुला मी काय सांगू, तुझं अर्धं दुकान तर वाशिष्ठीच्या पुराने नेलेलं.

लाइट गेली की सगळ्यात आधी डस्ट कलेक्टरचं बटण बंद. साध्या स्विचवर जोडला असेल तर लाइट येताच तो आपोआप सुरू होतो, आणि त्या वेळी तुझं डोकं नेमकं पाईपमध्ये असतं. त्याला डीओएल स्टार्टर लावून घे, मग लाइट आली तरी बटण दाबल्याशिवाय तो सुरू होत नाही. लाइट आल्यावर जॉब तिथूनच पुढे रेटू नको, आधी होम घे, म्हणजे मशीन तिच्या मूळ जागी ने. व्हीएफडी उघडायचा झाला तर मेन बंद करून दहा मिनिटं थांब, आत कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो.

आणि हो, खंडेनवमीला नारळ बेडवर फोडू नकोस. मी फोडला होता. पाणी स्पॉइलबोर्डमध्ये, म्हणजे बेडवर अंथरलेल्या फळीत, गेलं, एमडीएफच तो, टम्म फुगला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय तर अख्खा बोर्ड घासून लेव्हल करणे. झेंडूची माळ मात्र आठवणीने काढली होती.

आता एक कर. १२०० बाय ९०० चा आयत काप आणि दोन्ही कर्ण मोज, १५०० आले पाहिजेत, गवंड्यांचा ३-४-५ चाच हिशोब आहे. फरक एक एमएमच्या आत असेल तर नुसता मेसेज टाक. जास्त आला तर गॅन्ट्री तिरकी आहे, नट कसत बसू नकोस, रविवारी मीच येतो. वहिनींना म्हणावं बाजारात तिसऱ्या, त्या शिंपल्या, मिळाल्या तर बघा. आणि बोटाचं काही बोलू नकोस, मी सांगेन.

तुझा,
बाळ्या