केप मेचं घर आणि तुमचा वाडा

एडिसन, न्यू जर्सी
१९ ऑक्टोबर

प्रिय वैजू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर टाळत नव्हते, काय लिहावं तेच सुचत नव्हतं. 'चुलतभावांना सह्या हव्यात, दिवाळीनंतर बिल्डर येणार आहे' हे वाचलं आणि दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. वाईच्या तुमच्या वाड्याच्या चौकात आपण सागरगोटे खेळलोय गं. दहावीचा अभ्यास तुमच्या माडीवर केलाय. पण गेल्या शनिवार-रविवारी असं एक घर पाहून आले की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही केप मेला गेलो होतो. न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाचं गाव. आमचा रोजचा गार्डन स्टेट पार्कवे तिथे सुरू होतो, म्हणजे शून्य मैलाचा दगड तिथला. एकीकडे अटलांटिक महासागर, दुसरीकडे डेलावेअरची खाडी. गावात व्हिक्टोरियन काळातली सहाशेच्या आसपास घरं अजून उभी आहेत, आणि १९७६ पासून अख्खं गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर आहे. जुन्या घरांपैकी कितीतरी घरांत आता उतारूंची सोय आहे: रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. आम्ही अशाच एका घरात उतरलो होतो.

घर १८८० च्या दशकातलं, सगळं लाकडी. नोव्हेंबर १८७८ मध्ये गावात मोठी आग लागली, सुमारे ३५ एकरांवरची वस्ती जळाली. त्यानंतर गाव पुन्हा बांधलं ते बहुतेक लाकडातच. तेव्हा वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या होत्या, त्यामुळे पूर्वी सुताराला आठवडे लागायचे ती नक्षी भराभर कापून मिळायची. म्हणून प्रत्येक घराला ओळीनं झालरी, कंगोरे, कोरीव कठडे. आपल्याकडच्या जुन्या रेल्वे स्टेशनांच्या छपराला लाकडी झालर असते ना, तीच कितीतरी पटीनं नाजूक झालेली डोळ्यांसमोर आण. इथले लोक त्या नक्षीला जिंजरब्रेड म्हणतात.

रविवारी नऊ वाजता न्याहारी होती. लांब टेबलावर सगळ्या पाहुण्यांची एकच पंगत, घरमालकीणबाई स्वतः वाढत होत्या. सत्तरीच्या असतील. मी भिंतींकडे, छताकडे बघत बसले होते ते त्यांनी हेरलं असावं. बश्या उचलून झाल्यावर म्हणाल्या, चला, घर दाखवते. दीड तास लागला, आणि त्या दीड तासात तुमचा वाडा माझ्या मनातून हलला नाही.

आधी दिवाणखाना. दोन खोल्यांच्या मध्ये भिंतीतच सरकून गडप होणारी भलीमोठी दारं आहेत. त्यांनी घर घेतलं तेव्हा ती कुणाला ठाऊकच नव्हती. मधल्या काळात या घराच्या भाड्यानं द्यायच्या बारा खोल्या झाल्या होत्या, आणि दारं प्लायवूडखाली बुजवलेली होती. एका खिळ्याचा माग काढता काढता सापडली. एक पान त्यांनी माझ्या हातानं ओढायला लावलं. इतकं जड दार, पण बोटभर जोरानं सरसरत बाहेर आलं.

मग जिन्याखालची भिंत. तिथे तळहाताएवढी जागा त्यांनी मुद्दाम न रंगवता ठेवली आहे. धारदार पात्यानं एकेक थर खरवडलेला, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा दिसतो. पांढरा, गुलाबी, पुन्हा पांढरा, हिरवट, असे अकरा थर मी मोजले. तळाशी विटकरी लाल. तोच आता पूर्ण जिन्याला दिला आहे. शेजारी काचेच्या पेटीत जुन्या गिलाव्याचा तुकडा आहे. लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा, आणि तो तडकू नये म्हणून त्यात जनावराचे केस घातलेले. वैजू, मी तिथेच थांबले. तुझे आजोबा भिंतीवर थाप मारून सांगायचे ना, चुन्यात ताग आहे, गूळ आहे, उगाच नाही उभी? जगाच्या दोन टोकांच्या गवंड्यांना एकच गोष्ट कळलेली होती.

छपरावर एक काचेची मनोरी आहे. मला वाटलं, समुद्र बघायला असेल. बाईंनी खालची मोठी खिडकी उघडली, वरची झडप उघडली, आणि मला जिन्यात उभं केलं. घरातली गरम हवा वर चढून मनोरीतून निघून जाते आणि खालून समुद्राचा वारा आत ओढला जातो. तो झोत पायाला लागला. वीज नसतानाची सोय ती. तुमच्या चौकातून अशीच हवा खेळते, म्हणून तर मे महिन्यातसुद्धा आपण माजघरात गार फरशीवर लोळायचो.

न्हाणीघरं कुठे काढली, हे मी खोदून विचारलं, कारण तुझी पहिली शंका तीच असणार. दोन खोल्यांच्या मधली कपाटांची जागा घेऊन, बाहेरच्या भिंतीला हात न लावता. सगळे नळ एका कडेनं खाली उतरवले आहेत.

आणि सरळच विचारलं, परवडतं का? त्या म्हणाल्या, खोल्यांचं उत्पन्न घरालाच जातं. खाऱ्या वाऱ्यानं रंग टिकत नाही, म्हणून दरवर्षी घराची एकच बाजू रंगवतात. चार वर्षांत प्रदक्षिणा पुरी झाली की परत पहिल्या बाजूची पाळी. सगळं एकदम करायला त्यांच्याकडे पैसे कधीच नव्हते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते मी तुझ्यासाठी लक्षात ठेवलं.

हे गाव वाचलं कसं, तेही ऐक. १८५४ मध्ये अटलांटिक सिटीला रेल्वे गेली आणि हळूहळू फिलाडेल्फियाचे लोक तिकडे वळले. केप मे मागे पडलं. जुनं पाडून नवं बांधायलाही कुणाकडे पैसा उरला नाही, म्हणून घरं राहिली. पुढे मार्च १९६२ च्या वादळानं किनाऱ्याची वाताहत केली आणि पाडापाडीच्या गोष्टी सुरू झाल्या. डॉक्टर एम्लेन फिझिक यांचं १८७९ चं अठरा खोल्यांचं घर पडणारच होतं. १९७० मध्ये गावकऱ्यांनी संस्था काढून ते वाचवलं. तिथे आता संग्रहालय आहे, आम्ही शनिवारी पाहिलं. फार सुंदर ठेवलंय. तरी मला ओढ लागली ती मुक्कामाच्या घराची. तिथे जिन्यात कॉफीचा वास होता, कुणाची तरी ओली छत्री खुंटीला होती.

आता तुमचं. मला ठाऊक आहे की वाडा सामाईक आहे, मागच्या भिंतीला वाळवी आहे, आणि तू एकटी किती पुरी पडशील? अडचणी खोट्या नाहीत. पण सगळा वाडा एकदम धरू नकोस. पुढचा सोपा आणि माडीवरच्या दोन खोल्या, एवढंच मनात घे. न्हाणीघर गोठ्याच्या जागी होईल, तिथे आजही पाण्याची वाट आहे. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, तिची चौकशी कर. मेणवली आणि ढोल्या गणपती बघायला माणसं येतातच, संध्याकाळी पाचगणीला निघून जातात, कारण वाईत राहावं असं घर त्यांना दिसत नाही. कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर, सकाळी काकूंच्या हातचं थालीपीठ आणि लोणी. मी तर पैसे मोजून येईन.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. परकी माणसं देवघरावरून जा-ये करणार, ते काकूंना रुचेल का? त्यांचा शब्द तिथे शेवटचा असू दे.

मी जानेवारीत येतेय, तीन आठवडे. तोवर सही करू नकोस, एवढं माझं ऐक. जुन्या इमारती जाणणारा एखादा वास्तुरचनाकार आणून भिंती, तुळया दाखवून घे. त्याची फी मी देते, यावर वाद नको. छपराच्या एका बाजूचा खर्चही माझा. त्या माडीनं मला एक वर्ष सांभाळलंय.

फोटो वेगळे पाठवते. जिन्याखालचे अकरा थर नीट दिसतील असा एक काढलाय. तो काकूंना दाखव आणि विचार, सोप्याला आता हिरवा ऑईलपेंट आहे, त्याच्याआधी कुठला रंग होता? मला पुसटसा निळा आठवतोय, पण खात्री नाही.

तुझीच,
नीला