एआयचं आधी आमच्याशी बसून ठरवा, मग परिपत्रक काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्ली पेपर उघडला की शाळेत एआय येणार ही बातमी असतेच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगूनच टाकलंय की २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे एआय शिकवायचं, सीबीएसईने तर २०१९ लाच नववीला हा विषय आणला होता. येऊ दे की, आमचं काही म्हणणं नाही. पण या बातम्यांमध्ये एक गल्लत कायम होते, एआय हा विषय मुलांना शिकवणं वेगळं आणि गणित, मराठी, परिसर अभ्यास शिकवताना बाईंनी किंवा सरांनी एआयची मदत घेणं वेगळं. पहिल्याचा अभ्यासक्रम पुण्या-दिल्लीत बसून कोणीतरी करेल, पण दुसरं शाळेतच ठरणार आणि ते मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक एका टेबलाला बसल्याशिवाय होणार नाही. हे पत्र त्यासाठीच लिहितेय.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी हेडसरांकडे. शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) ६० पटापर्यंत दोन शिक्षक असं आहे, त्यामुळे खेड्यात हे चित्र सर्रास दिसतं, मुख्याध्यापक म्हणजे वेगळी केबिन वगैरे नसते, तेही खडू घेऊनच उभे असतात आणि मधल्या सुट्टीत पोषण आहाराची ऑनलाइन नोंद करत असतात.

आता खरं काय चाललंय ते सांगते. एआय शाळेत येणार नाहीये, ते कधीच आलंय. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि वर्षभरात आमच्या शिक्षकांच्या फोनमध्ये पोचलं, स्वतःचा फोन, स्वतःचा रिचार्ज. सुरुवात २६ जानेवारीच्या भाषणापासून झाली, मग सूत्रसंचालन, मग टाचण म्हणजे रोज काय कसं शिकवणार याची लेखी तयारी, आणि आता मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी. टाचणाची गंमत अशी की एआयने लिहिलेलं टाचण इतकं सुंदर असतं की बघत राहावं, उद्दिष्टं काय, अध्ययन निष्पत्ती काय, सगळं जिथल्या तिथे. हेडसर सही करतात. लिहिणाऱ्याला माहीत असतं, सही करणाऱ्यालाही माहीत असतं, आणि वर्गात त्यातलं एक वाक्यसुद्धा जात नाही. यात शिक्षक खोटारडे आहेत असं नाही हो, टाचण मागितलं जातं तेच फाईलसाठी, मग फाईलसाठीच लिहिलं जातं.

नोंदींचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक मुलाबद्दल विषयवार दोन ओळी लिहायच्या असतात, त्या आधीही बाजारातल्या पुस्तिकेतून उतरवल्या जायच्याच, म्हणजे फार काही सत्ययुग नव्हतं. पण आता काही ठिकाणी मुलांच्या नावांची अख्खी यादी, गुण, जन्मतारीख सगळं चॅटबॉटमध्ये पेस्ट करतात आणि नोंदी तयार करून घेतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल असं म्हटलंय, पण हे स्टाफ मीटिंगमध्ये किती मुख्याध्यापकांनी सांगितलं असेल? शिक्षकाला कोणी सांगितलंच नाही तर तो करणारच, त्याचेही दिवसाचे तास तेवढेच आहेत.

दोघं एकत्र बसले की काय होतं याचं एक साधं उदाहरण देते, वजाबाकीचं. चौथीला ५०३ वजा २७८ दिलं, वर्गातल्या बऱ्याच मुलांचं उत्तर आलं ३७५. शिकवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, मूल वर-खाली बघतच नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं, ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून २. मी ही चूक, कोणाचंही नाव न घालता, एआयला लिहून दिली आणि म्हटलं हीच चूक उघडी पडेल अशी दहा गणितं दे आणि समजावायच्या पायऱ्या पण दे. मिनिटभरात मिळाली. मी एकटी असते तर तशीच फळ्यावर लिहिली असती, कारण तिकडे तिसरीची मुलं बेंचवर चढलेली असतात. पण त्या दिवशी सुट्टीत हेडसरांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि दोन गणितांवर फुली मारली, त्यातलं एक होतं ६८७ वजा २५३, ते तर बिनहातच्याचं, चुकीच्या पद्धतीनेही बरोबरच येतं! आणि पायऱ्यांमध्ये लिहिलं होतं, दशकाकडून एक घ्या. अरे पण ५०३ मध्ये दशकाच्या घरात शून्य आहे, घेणार कुठून? मूल अडतं ते नेमकं तिथेच, आणि एआय तिथूनच उडी मारून पुढे गेलं होतं.

मग सरांनीच सुचवलं, खेळण्यातल्या नोटा काढा. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक दहाची मोडून रुपयाची दहा नाणी, म्हणजे हातात राहिले ४ शतक, ९ दशक, १३ सुटे. आता करा वजा, २२५. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या दोन वर्गांना चित्र काढायला बसवलं आणि माझ्या वर्गात मागे येऊन थांबले. तपासणी नव्हती बरं का, तिसरीचा गट ते सांभाळत होते म्हणून मला चौथीच्या मुलांसोबत खाली बसता आलं. उरलेली आठ गणितं तेव्हा कामाला आली, आणि तिसरीसाठी त्याच धर्तीवर दोन अंकी गणितं पण एआयकडूनच करून घेतली होती. जोडवर्ग, म्हणजे दोन इयत्ता एकत्र शिकवणाऱ्याला विचारा, एकाच घटकाचे दोन पातळ्यांचे सराव संच तयार करायला रात्री किती वेळ जातो. तो वेळ वाचला हे मी खुल्या मनाने सांगते.

यात मुलांच्या हातात फोन कुठेच नाही हे लक्षात घ्या. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधनं वापरायला वयाची किमान मर्यादा १३ सुचवली आहे. आमची मुलं आठ-नऊ वर्षांची. त्यामुळे प्राथमिकला तरी हे शिक्षकाच्या टेबलावरचं साधन आहे, मुलाच्या नाही, आणि हे वाक्य मुख्याध्यापकांनी पालकसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत स्वतः सांगायला पाहिजे. नाहीतर बातमी वाचून पालक विचारतात, मॅडम पोराला मोबाईल घ्यावा लागणार का आता? आणि घेतातही, कर्ज काढून.

आपल्याकडे याआधीचा अनुभव काय आहे ते पण बघू. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जि.प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायचं काम केलं, २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, आपली सगळ्यांची मान ताठ झाली. नंतर बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आले, सरकारचं अभ्याससाहित्याचं दीक्षा ॲप २०१७ पासून आहेच. पण किती वर्गांत ते कोड रोज उघडले जातात? एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांकडे बघून केलं तेव्हा ते जिवंत होतं, आणि सगळ्यांना छापून दिल्यावर कोणत्या धड्याचा कोड कधी लावायचा, फोन कोणाचा, गावात रेंज नाही तर आधी डाउनलोड कोण करणार, हे शाळेत बसून कोणी ठरवलंच नाही. एआयचं डिट्टो तसंच होणार, मला दिसतंय.

सध्या दोन प्रकारचे साहेब भेटतात. एक म्हणतात, हे असलं काही वर्गात चालणार नाही, बंद. दुसरे म्हणतात, प्रत्येकाने आठवड्यात एक तरी एआय तासिका घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते. फोटोत फळा दिसतो, फळ्यावरचं गणित चुकलंय का ते दिसत नाही. आणि झूमवरच्या प्रशिक्षणाबद्दल न बोललेलंच बरं, कॅमेरा बंद, माईक बंद, शेवटी फीडबॅकची लिंक भरली की प्रमाणपत्र.

नवीन काही यंत्रणा उभी करा असं मी म्हणत नाहीये. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होतेच, दहा-बारा शाळांचे सगळे शिक्षक आणि मुख्याध्यापक एका छताखाली येतात. नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, त्यातले थोडे तास इथे धरा. प्रत्येक शाळेने मुलांची एक खरी चूक आणि त्यावर एआयने काय दिलं ते आणावं, त्यातलं काय वापरलं आणि कशावर फुली मारली ते सांगावं. मुख्याध्यापकांनीही स्वतः एकदा तरी वापरून यावं, नुसतं 'तुम्ही तरुण आहात, तुम्हाला जमतं' असं म्हणून सुटका करून घेऊ नये. मुलांचं नाव, आधार, फोटो कुठेही टाकायचा नाही हा नियम प्रत्येक शाळेने लिहून भिंतीला लावावा. इंटरनेटचा खर्च शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून करायला स्पष्ट परवानगी द्यावी, आज तो शिक्षकांच्या खिशातून जातोय आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि एआयने केलेलं टाचण चालेल की नाही हे एकदा सरळ सांगून टाका, आमची चोरी-चोरी तरी संपेल.

आमच्या केंद्रप्रमुखांना हे सगळं बोलून झालंय, ते हो म्हणालेत. पुढच्या परिषदेत ही वजाबाकी मी आणि हेडसर मिळून मांडणार आहोत. फक्त अजेंड्यावर ते सगळ्यात शेवटी 'ऐनवेळचे विषय' मध्ये गेलंय, आणि त्या वेळेपर्यंत निम्मे लोक एसटी पकडायला निघालेले असतात. ते जरा वर घ्या साहेब, चहाच्या आधी.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा