आग्र्याच्या भैयाजींना, मास्टरजींच्या मुलीकडून

भैयाजी, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं हिंदी 'कितने का दिया'च्या पुढे फारसं जात नाही. पण लिपी आपली एकच. अक्षरं तुम्ही वाचालच, निम्मंशिम्मं कळेल, उरलेलं महाराष्ट्रातली एखादी सवारी वाचून दाखवेल. आणि हे चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्यांनी वाचायला हवं त्यांतले बरेचसे मराठीच आहेत. नाव मात्र लिहीत नाही. "नाम-वाम मत डालना दीदी, लोग फोन करके भाव तुड़वाएँगे," असं तुम्हीच बजावलं होतंत.

अप्पा ज्या अवस्थेत तुमच्या गाडीत बसले, त्याच्या आधीचे दोन दिवस तुम्हाला माहीत नाहीत. ते आधी सांगते.

अप्पांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हणजे चौतीस वेळा पानिपत लढले आणि चौतीस वेळा महाराजांना आग्र्याहून सुखरूप परत आणलं. स्वतः मात्र नाशिकच्या वर कधी गेले नाहीत. आधी रजा नव्हती, मग पैसे नव्हते, मग आईचं आजारपण. आता सगळं आहे, तर आठवण विरत चालली आहे. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण पुरंदरच्या तहात किती किल्ले गेले ते विचारा, तेवीस. "आता कशाला नेतेस त्यांना? त्यांना काय कळणार आहे?" असं नात्यातल्या चार जणांनी तरी विचारलं. मी हट्टाने एका प्रवास कंपनीच्या ग्रुपमध्ये दोघांचे पैसे भरले. भरताना अप्पांबद्दल सगळं सांगितलं होतं. "काही काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे सगळे ज्येष्ठ नागरिकच असतात."

दुसऱ्या दिवशी कुतुबमिनारच्या आवारात तो लोखंडी स्तंभ आला. अप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा वर्गातला आवाज लागला. सोळाशे वर्षं झाली, गंज नाही, वर ब्राह्मी अक्षरांत चंद्र नावाच्या राजाची प्रशस्ती. ग्रुपमधले दोघे-चौघे थांबून ऐकतही होते. तेवढ्यात आमच्या टूर मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. "चला चला, काका, क्लास संपला! जेवण गार होतंय." सगळे हसले. वाईट मनाने कोणी हसलं नसेल. पण अप्पा वाक्याच्या मध्यात थांबले आणि खडू हरवल्यासारखे आपल्या बोटांकडे बघत राहिले. संध्याकाळी मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं की काकांमुळे ग्रुपचा खोळंबा होतो, तर उद्यापासून त्यांना हॉटेलवरच बसवलं तर? टीव्ही आहे खोलीत.

मी रात्रीच ग्रुप सोडला. पैसे परत मिळाले नाहीत, तो विषय इथे नको. हॉटेलच्या दारवानाने तुमचा नंबर दिला आणि सकाळी सातला तुम्ही धुक्यातून उगवलात. मफलर, वर स्वेटर, त्याच्यावर आणखी एक स्वेटर.

आधी पानिपतला गेलो. ग्रुपवाले तिथे नेतच नाहीत. दिल्लीपासून नव्वद किलोमीटर, आणि बघायला काय, तर काला आंबचा तो विटांचा स्तंभ आणि भोवती कुंपण. तिथे अप्पा काही बोललेच नाहीत. मी फोटो काढायला लागले, तर तुम्ही हातानेच नको म्हणालात. बरं केलंत.

बोलायला त्यांनी सुरुवात केली ती परतीच्या वाटेवर. गाडीच्या आत वाफ धरली होती. अप्पांनी डाव्या काचेवर बोटाने १६६६ लिहिलं, मोठ्या, गोल, फळ्यावरच्या अक्षरांत. मग पुढच्या सीटवर टकटक करून त्यांच्या शाळकरी हिंदीत तुम्हाला विचारलं, "तुम कौनसी कक्षा में हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणणार, इतक्यात तुम्ही आरशातून बघत म्हणालात, "आठवीं में छोड़ दी थी, मास्टरजी."

"छोड़ दी? क्यों छोड़ दी? कल से आकर बैठो!"

"जी, बैठूँगा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडून तुम्ही खरंच म्हणालात, "हाजिर, मास्टरजी."

पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसले ते हे नाही. एका शब्दासाठी बसले आहे. 'फिर?'

आग्र्याची गोष्ट अप्पा नेहमी एकाच जागी हरवतात. मिर्झाराजांचा शब्द, दरबारात मागच्या रांगेत उभं केलेलं, महाराजांचा संताप, हवेलीभोवती बसलेले पहारे, आजारपणाचं सोंग, साधू-ब्राह्मणांना मिठाई वाटण्यासाठी रोज बाहेर जाणारे पेटारे. पहारेकरी आधी प्रत्येक पेटारा उघडून बघत, मग कंटाळले. इथवर गोष्ट पाण्यासारखी वाहते. मग एक दिवस पेटारे बाहेर पडले, आणि... इथे अप्पा थांबतात. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, चिमटीत खडू असल्यासारखी.

घरी ही जागा आली की मी काय करत आले, ते लिहायची लाज वाटते. "आणि महाराज निसटले, अप्पा. माहितीये." कुकरची शिट्टी होत असते, ऑफिसचा मेल आलेला असतो. मला वाटायचं मी मदत करते आहे. अप्पा "हो, हो" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायला लागायचे. टाळ्या वाजवत नव्हते, एवढाच काय तो माझ्यात आणि त्या मॅनेजरमध्ये फरक.

तुम्ही काय केलंत? गोष्ट तिथे येऊन अडकली, गाडीत शांतता झाली, मी तोंड उघडलं, तर तुम्ही स्टिअरिंगवरचा एक हात किंचित वर केलात. मला थांबवायला. आणि आरशात बघून म्हणालात, "फिर, मास्टरजी?"

उत्तर आलं नाही. तुम्ही घाई केली नाहीत. "सोचिए आराम से. रास्ता लंबा है." अप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पुन्हा पुरंदरच्या तहापासून सुरू झाले. तुम्हीही पुन्हा पहिल्यापासून ऐकलंत. "अच्छा!" तिथल्या तिथे, "बाप रे!" तिथल्या तिथे. आणि त्या जागेवर आलो की पुन्हा, "फिर?" पहिल्या दिवशी मी अकरापर्यंत मोजलं, मग नाद सोडला.

आग्र्याच्या वाटेवर मथुरेची पाटी धुक्यातून अचानक समोर आली, तेव्हा तर अप्पांनी गोष्टीतलं मधलं सगळं ओलांडून पुढचीच गोष्ट काढली. "इथे. इथे बाळराजांना ठेवलं." मी दचकले, ते त्यांना आठवत होतं याचीच मला कल्पना नव्हती. तुम्ही गाडीचा वेग कमी केलात आणि विचारलंत, "अकेले? बच्चे को?" अप्पा म्हणाले, "अकेले नहीं. अपने लोगों के पास." नऊ वर्षांचं पोर बापापासून दूर परमुलखात ठेवायचं, यावर तुम्ही दोघं पुढची दहा मिनिटं बोलत होतात, एक मोडक्या हिंदीत आणि एक ब्रजच्या वळणाच्या. मला मध्ये यायची गरज पडली नाही.

आग्र्यात ताजमहाल पाहिला असं म्हणणं धाडसाचं होईल. धुक्यात एक मिनार दिसला, तोही आहे असं तुम्ही सांगितलंत म्हणून. त्याचं दुःख अप्पांना नव्हतंच, त्यांना किल्ला हवा होता. किल्ल्यासमोरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी तुम्ही अप्पांना धरून उभे होतात. मी चहा घ्यायला टपरीवर गेले. तिथला माणूस तुमच्याकडे बघून म्हणाला, "मास्टरजी सुना रहे हैं? उलटा हो गया आज. ये तो खुद सुनाते हैं सवारियों को. पेटारे वाला किस्सा इनसे अच्छा यहाँ कोई नहीं सुनाता."

चहाचे तीन कप हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. पेटाऱ्यांनंतर काय झालं, महाराजांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद कसा निजला, मदारी मेहतर कसा पाय चेपत बसला, सगळं. आग्र्याचेच तुम्ही, वर्षानुवर्षं मराठी माणसं या पुतळ्यापाशी आणणारे. शेवट तुमच्या जिभेवर होता आणि तुम्ही दोन दिवस, तासन् तास, तो गिळून "फिर?" विचारत होतात.

दया करणारे खूप भेटतात, भैयाजी. "काका, जपून हं" म्हणणारे, दंडाला धरणारे, चढ आला की "आजोबांना इथेच बसू दे" म्हणणारे. चांगलीच माणसं असतात ती. पण या दोन-अडीच वर्षांत अप्पांना काही विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. सगळे त्यांना सांगत होते. औषध घ्या, स्वेटर घाला, आज गुरुवार आहे, मी तुमची मुलगी. तुम्ही विचारलंत, आणि उत्तराची वाट पाहिलीत. याला मराठीत माणूसकी म्हणतात, पण तो शब्द हल्ली भिंतीवर लिहून झिजला आहे.

ग्वाल्हेरचं काय सांगू? जयविलासमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं बघून अप्पा म्हणाले, "पुसतं कोण?" किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरात ते फार रमले. इ.स. ८७६चा शिलालेख, त्यात बागेची लांबी २७० हात आणि रोजचे ५० हार, दोन्हीकडे आपण लिहितो तसंच वाटोळं शून्य. "हे पोरांना मी पेपरात द्यायचो," असं म्हणून स्वतःच खो खो हसले. राणीच्या समाधीपाशी तारीख विचारायच्या आधीच म्हणाले, १८ जून १८५८. ती पुसलेली नाही. का नाही, आणि माझं नाव का पुसट होतंय, हे मी आता विचारत नाही.

गोष्ट पूर्ण झाली का, असं तुम्ही स्टेशनवर डोळ्यांनीच विचारलं होतंत. नाही झाली. प्लॅटफॉर्मवर तुम्ही अप्पांच्या पायाला हात लावलात, तेव्हा त्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि "गैरहजर राहू नकोस" असं चक्क मराठीत बजावलं. तुम्ही "जी" म्हणालात. भाड्याच्या वर मी दिलेलं पाकीट तुम्ही परत माझ्या पिशवीत टाकलं होतंत, ते मला भुसावळला कळलं. त्याबद्दल भांडण बाकी आहे.

आता कालची गोष्ट. तुम्ही पाठवलेला फोटो आला. सकाळचं धुकं, गाडीची मागची डावी काच, आणि आतून धरलेल्या वाफेत पुसट उमटलेलं १६६६. खाली तुमचा मजकूर, "मास्टरजी का शीशा. बाकी सब धोता हूँ, ये नहीं." त्या चार दिवसांतही तुम्ही रोज पहाटे फडकं घेऊन गाडी पुसायचात, ते मी पाहत होते. ही एक काच वगळत होतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. महिना होत आला त्याला.

फोटो अप्पांना दाखवला. चष्मा वर-खाली करून त्यांनी बराच वेळ बघितला.

"अक्षर माझं आहे," म्हणाले.

"हो, अप्पा."

"फळा कुठला हा?"

"आग्र्याचा."

त्यांनी मान डोलावली. मग कपाळाला आठ्या पडल्या. "नुसतं साल काय लिहिलंय? तारीख कुठाय?"

मी सांगणार होते. जिभेवर आलं होतं. गिळलं. कुकर होत होता, होऊ दिला. तीन शिट्ट्या झाल्या.

"सतरा ऑगस्ट," अप्पा म्हणाले. "त्या मुलाला सांग खाली लिहायला. नाहीतर अर्धा मार्क कापीन."

तर भैयाजी, १७ ऑगस्ट. सालाच्या खाली जागा आहे.